पाठीवर दोन थापा

– नाही नाही, त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. तुम्ही इकडे पलंगावरच बसा माझ्या पायाशी. बसा हो, पाय मी घेते आवरून, तेवढं जमतं. आणि ती उशी जरा सरकवा माझ्याकडे – डोक्याखालची नव्हे, ही लहान, ही पोटाशी धरायची आहे. खोकला आला की दाबून धरायची, शिंक आली की धरायची, हसू आलं तरी धरायची, नाहीतर टाक्यांत अशी कळ येते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हॉस्पिटलातल्या नर्सने शिकवलं. रडायला आलं तरी धरा म्हणाली, पण तशी वेळ काही माझ्यावर आली नाही. तर काय विचारत होतात तुम्ही, आई चालतात का. आई म्हणजे सासूबाईच माझ्या, मी आईच म्हणते. नाही, चालत नाहीत. झटका आला तेव्हा डावी बाजू गेली ती गेलीच. उजवा पाय टेकतात, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, मध्ये ती संडासाची खुर्ची – एवढाच त्यांचा प्रवास. उजवा हात मात्र चांगला आहे. आणि जीभ दोन्ही बाजूंनी शाबूत आहे, ते तुम्हाला कळेलच तुमच्या संस्थेत नेल्यावर.

हळू बोलू या जरा. ही भिंत नाही, पार्टिशन आहे, पलीकडे त्यांचाच पलंग. तसं त्यांना कमी ऐकू येतं हल्ली. म्हणजे आपण हाक मारली की कमी येतं, आणि आपण आपलं काही बोलत असलो की बरोबर येतं, असं आहे ते. पण आता झोपल्या असतील. दुपारची झोपतात. तर माझं यांनी सांगितलं असेलच तुम्हाला फोनवर. पिशवी काढली, गाठीसकट. दोन मुठी एकावर एक ठेवल्या तर होईल एवढी गाठ, आणि मी आपली म्हणत होते, वय झालं की पोट सुटायचंच. कंबर दुखायची, तर म्हणायची, उचलून उचलून दुखते. शेवटी एक दिवस भांडी घासता घासता खालीच बसले, मग धावपळ. बेंबीपासून सरळ खाली फाडलंय. वरून हा पट्टा. पट्टा सैल केला की वाटतं आतलं सगळं मांडीवर येऊन पडेल. उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडा, मग कोपरावर जोर देत देत वर या – तेवढ्यात ज्यासाठी उठायचं ते विसरायला होतं. आणि वजन उचलायचं नाही. पाण्याची बादली नाही, भरलेला कुकर नाही, काही नाही. कधीच नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय, आयुष्यात नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. नाहीतर आमच्या घरातून असं कोणी कोणाला पाठवलेलं नाही आजवर, हे तुम्ही लक्षात घ्या. लोक काय, लगेच म्हणतात सुनेने काढलं बाहेर.

आता कोण उचलतं? आता हे उचलतात. सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. आईला उचलतायत की कपाट सरकवतायत, कळत नाही. दात-ओठ खाऊन, श्वास धरून, "आई, सैल सोड, आई, सैल सोड" – अहो, त्या सैल सोडतात कुठे, भीतीने लाकूड होतात, आणि मग हे चिडतात. हे वाईट नाहीत हो. घाबरतात. आणि मध्ये दुपारची एक बाई लावली आहे, ती येते तिच्या वेळेला, म्हणजे तिच्या मनाला येईल त्या वेळेला. आज अजून पत्ता नाही. वन्संनी – नणंद माझी, थोरली – त्यांनीही एकदा हौसेने उचललं होतं. माझ्या ऑपरेशनच्या आधीची गोष्ट आहे. "त्यात काय वहिनी, मी बघते ना," म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात. धप्पकन आवाज आला म्हणून धावले तर मायलेकी दोघी जमिनीवर, आणि आई खालूनच लेकीला म्हणतायत, "हौस हत्तीची आणि ताकद मुंगीची." – थांबा, उशी. – हसवू नका मला. मीच हसतेय म्हणा. पण खरंच, काय बोलतील नेम नाही. मला मात्र असं कधी बोलल्या नाहीत उचलण्यावरून. चहावरून बोलतात, भाजीतल्या मिठावरून बोलतात, माझ्या माहेरावरून तर अजून बोलतात, माहेरी आता कोणी उरलं नाही तरी. पण उचलण्यावरून नाही.

हे बघा, तुमच्याकडे रोज दहा माणसं उचलत असतील, तुम्हाला मी काय शिकवणार. पण आईंची रीत वेगळी आहे, ती तुम्ही तिथल्या मुलींना सांगा. आधी चपला काढायच्या, अनवाणी. तुमचा उजवा गुडघा त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. त्यांचा डावा हात आपण उचलून आपल्या खांद्यावर ठेवायचा, तो आपणहून येत नाही, आणि त्या हाताला ओढायचं नाही, अजिबात नाही, खांदा निखळतो. उजवा त्या स्वतःच टाकतात गळ्यात. मग आपले दोन्ही हात त्यांच्या काखेतून मागे, पाठीच्या फऱ्यांवर, त्या दोन पसरट हाडांवर, उघड्या पंजाने. आणि मग थांबायचं. इथे सगळे चुकतात. एक-दोन-तीन म्हणून उचलतात. एक-दोन-तीन आपण नाही म्हणायचं – त्या "हं" म्हणतात. त्यांनी "हं" म्हटलं की उचलायचं. कधी लगेच म्हणतात, कधी वेळ लावतात, त्यांच्या मनाची तयारी व्हावी लागते, तोवर वाकून उभं राहायचं, कंबर मोडली तरी. त्यांनी "हं" म्हटलं की त्या पिसासारख्या येतात हो वर, खरं सांगते, यांना पटत नाही. मग वळायचं, खुर्चीत टेकवायचं. आणि टेकल्या की त्या तुमच्या पाठीवर दोनदा थोपटतील, उजव्या हाताने. थप, थप. म्हणजे सोड, बसले मी. पण म्हणून लगेच सोडायचं नाही. त्यांनी एक लांब श्वास सोडला की मग सोडायचं. एकदा मी थापा पडल्या पडल्या सोडलं होतं, सुरुवातीला, आणि त्या घसरल्या. मांडी ही एवढी काळीनिळी. यांना सांगितलंसुद्धा नाही त्यांनी, म्हणाल्या खुर्चीचा दांडा लागला. तेव्हापासून थोपटल्यावरही मी धरून ठेवते क्षणभर.

नाही, यांना थोपटत नाहीत. वन्संनाही नाही. दुपारच्या बाईला तर नाहीच, ती सांगते ना, "आजी नुसत्या गोणीसारख्या पडतात अंगावर." मलाच. इतक्या वर्षांत तोंडाने कधी बरं म्हणाल्या नाहीत मला, आणि माझी अपेक्षाही नाही, पण पाठीवर त्या दोन थापा – दिवसातून किती वेळा पडत असतील, मोजलं नाही कधी.

पाणी पीत नाहीत हल्ली. हे तुम्हाला सांगून ठेवते, लक्ष ठेवावं लागेल. सकाळी हे भरून ठेवतात तांब्या, संध्याकाळी तसाच असतो. मी इथून ओरडते, "आई, पाणी प्या," तर म्हणतात, "प्यायले." कुठे प्यायल्यात, तांब्याचा आवाज आला असता की मला. हट्टी आहेत. चहाही नको म्हणतात. चहा नको म्हणणारी बाई नाही हो ती, दिवसातून चारदा लागायचा. मला माहीत आहे का नको म्हणतात ते. पाणी प्यायलं की उठवावं लागतं. म्हणून पीत नाहीत. मी हॉस्पिटलातून आल्यापासून एकदाही हाक मारली नाही मला. आधी सारखी हाक असायची – "अगं, ऐकलंस का", "अगं, खिडकी लाव", "अगं, खिडकी उघड" – मी म्हणायची, जीव घ्याल माझा एक दिवस. आता दिवस दिवस गप्प. आता हे पार्टिशन इतकं शांत असतं की मला इकडे झोप लागत नाही.

तुम्हाला एक गंमत सांगू का? ऑपरेशननंतर मला पहिल्यांदा उठवायला आली ना नर्स, चांगली दणकट होती, तुमच्यासारखीच – राग मानू नका – तर ती वाकली माझ्यावर आणि म्हणाली, "चला मावशी, हात टाका माझ्या गळ्यात." आणि मी काय केलं? गुंगी होती, अर्धवट जाग. मी माझे हात तिच्या काखेतून मागे घातले, पंजे तिच्या पाठीच्या फऱ्यांवर ठेवले आणि वाट बघत बसले. ती म्हणते, "मावशी, काय करताय?" मी म्हटलं, "तुम्ही हं म्हणा, मग मी उचलते." आख्खा वॉर्ड हसला. शेजारच्या बाईचे टाके दुखले हसून हसून, तिने शिव्या घातल्या मला. अहो, पण मला दुसरं येतच नव्हतं. कोणी आपल्यावर वाकलं म्हणजे आपण त्याला उचलायचं, एवढंच हातांना माहीत. मग त्या नर्सने माझे हात सोडवले आणि आपल्या गळ्यात घातले, एक एक करून. आणि उचललं मला. मी काही हलकी नाही. तरी उचललं. तिच्या मानेला साबणाचा वास येत होता. मला कोणी उचललं असेल याआधी ते माझ्या आईने, मी चालायला लागायच्या आधी – नंतर कोण उचलणार? मी तिच्या गळ्यात तशीच राहिले. ती म्हणाली, "झालं मावशी, बसलात तुम्ही, सोडा आता." आणि मला सोडवेना हो. मी लोंबकळूनच राहिले. तिला वाटलं दुखतंय.

मग रोज ती यायची वाट बघायचे मी. आयतं जेवण, आयतं पाणी, कोणी हाक मारत नाही, आणि सकाळी येऊन ती उचलते. लाज वाटते सांगायला, पण मला घरी यायचं नव्हतं. पोट फाडलंय आणि बाई मजेत. सगळ्या बायका डॉक्टरांना विचारत होत्या कधी सोडणार, मी एकटी विचारत नव्हते. मी मनात म्हणायची, घरी गेलं की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आहेच ते वाकायचं, आपण "हं"ची वाट बघायची –

काय?

दोन-तीन महिन्यांनी म्हणजे… म्हणजे असं आपलं. बोलायची पद्धत.

नका बघू तशा. तुम्हाला काय, रोज असली घरं बघता, तुमच्यापासून काय लपतंय. हो. डॉक्टर दोन-तीन महिनेच म्हणाले. मग हळूहळू सगळं करा, म्हणाले. पट्टा लावून, गुडघ्यात वाकून, सगळं आधीसारखं करा, तुम्ही धडधाकट आहात. तेव्हा हे खाली औषधं आणायला गेले होते. वर आले आणि विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आणि माझ्या तोंडातून निघालं, उचलायचं नाही म्हणाले. हे म्हणाले, किती दिवस? मी म्हटलं, कधीच नाही. ठरवलं नव्हतं हो मी. शपथ घेऊन सांगते, ठरवलं नव्हतं. मला वाटलं होतं, हे म्हणतील, बरं, मग आपण दिवसभराची बाई ठेवू, मी शिकून घेतो उचलायला, काहीतरी करू. एवढंच. चार दिवस मला कोणी विचारू नये, एवढंच पाहिजे होतं. तर हे तिथेच स्टुलावर बसले, डोकं धरून. त्याच दिवशी वन्संना फोन. वन्सं रडल्या, म्हणाल्या माझ्याकडे जिना आहे, लिफ्ट नाही, मी कशी नेऊ. आणि मी घरी यायच्या आत तुमच्या संस्थेचं नाव ठरलंसुद्धा. सोमवारची गाडीही ठरली. सगळे इतके चांगले वागले माझ्याशी. कोणी एक शब्द बोललं नाही. म्हणून मग मला सांगता येईना. बोलले असते, भांडले असते, तर मी रागारागात खरं सांगून टाकलं असतं.

त्यांना? आईंना यांनी सांगितलं. मी घरी आले त्या संध्याकाळी, पलीकडे बसून सांगितलं. मी इथे पडून ऐकत होते. मला वाटलं आता आकांत करतील. हे सांगत होते, डॉक्टर असं म्हणाले, तिचा इलाज नाही, माझा इलाज नाही. त्या नुसतं म्हणाल्या, "बरं." आणि मग म्हणाल्या, "तिला दूध गरम करून दे, थंड देऊ नकोस." एवढंच. त्यांनी शिव्या द्यायला पाहिजे होत्या मला. द्यायच्याच त्या एरवी, दूध उतू गेलं तरी द्यायच्या. मला त्यांचं ते "बरं" दिवसरात्र ऐकू येतं. सांगा, अशा बाईचं काय करायचं? तुम्हीच सांगा. मी उचलायची म्हणून मी कोणीतरी होते या घरात, आणि मीच – आणि तरी खरं सांगू, अजूनही, आत्ता, तुम्ही म्हणालात ना आल्या आल्या, की तुमच्याकडे सगळं बघतात, घरच्यांनी निश्चिंत राहायचं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की –

थांबा.

ऐकलंत? बोलावतायत. "अगं" म्हणाल्या. झोपल्या नव्हत्या का? – अहो आई, आले, आले हं – आई गं. नको, तुम्ही धरू नका मला, असं एकदम उठायचं नाही हे विसरलेच, हात आपला पलंगाच्या कडेला गेला. तुम्ही जा ना. तुम्हीच जा. खुर्चीत बसायचं असेल त्यांना. सांगितलं तसं करा, चपला काढा, डावा हात आधी खांद्यावर. त्या दारातून, हो, पडदा बाजूला करून.

– दिसल्या का? बोला त्यांच्याशी, घाबरतील नवीन माणसाला. आई, या संस्थेतल्या ताई आहेत, या उचलतायत हं तुम्हाला. मी इथेच आहे. – गुडघा मध्ये घेतलात का हो? ओढू नका हाताला. आणि थांबा, त्या म्हणेपर्यंत थांबा. वेळ लागेल. थांबा तशाच.

म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. एवढ्या लगेच कधी म्हणत नाहीत.

आता वळा. सावकाश. टेकवा. टेकल्या का? खुर्ची करकरली, म्हणजे टेकल्या.

…

एवढ्या जोरात कशाला थोपटलं त्यांनी? तुम्हाला लागलं का हो? मला इथपर्यंत आवाज आला. दोनदा. मी इतकी वर्षं खाते त्या थापा, आवाज असा येत नाही त्यांचा, हात ठेवल्यासारखा ठेवतात त्या. हा तर दारावर थाप मारल्यासारखा आला. या पार्टिशनच्या बाजूला तोंड करून बसवलंत का त्यांना? त्यांनीच सांगितलं, इकडे वळव म्हणून?

म्हणजे ऐकलं त्यांनी. सगळं. दोन-तीन महिन्यांचं पण ऐकलं. वॉर्डातलं, ते मला घरी यायचं नव्हतं तेही. आणि ऐकून ती बाई थोपटते. तुम्हाला नाही थोपटलंय ताई. तुम्हाला कशाला थोपटतील, तुमची-त्यांची ओळख आत्ताची. मला सोड म्हणतायत. बसले मी, सोड आता.

या. या इकडे. पण बसू नका. काही विचारू नका आता मला. तुमची पिशवी तिथे राहिली बघा, ती घ्या. सोमवारी गाडी पाठवू नका. नाही, मला कळतंय मी काय बोलतेय. दोन थापा पडल्या म्हणून लगेच सोडायचं नसतं, मघाशीच सांगितलं ना तुम्हाला. यांना मी सांगेन संध्याकाळी, माझं मी सांगेन, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं, मग काय व्हायचं ते होऊ दे. तोवर ती दुपारची बाई आहे, हे आहेत, उचलतील वेडंवाकडं. मीही शिकवीन यांना इथे बसून, चिडले तर चिडले. तुम्ही जा. जाता जाता त्यांच्या हाताशी तांब्या तेवढा ठेवा आणि म्हणावं, पाणी प्या, तुमच्या सुनेने सांगितलंय.

दार ओढून घ्या. – आणि थांबा, ती उशी कुठे गेली, खाली पडली वाटतं, मला वाकता येत नाही. द्या जरा. नाही, खोकला नाही आला. द्या इकडे, आणि जा तुम्ही.